मध्ये कोणी नाही

१

आमच्या रुग्णालयाच्या दोन इमारती आहेत आणि मध्ये रस्ता. अलीकडे कचेऱ्या, तपासण्या, औषधांचं दुकान, सगळी वर्दळ. पलीकडे छातीच्या संसर्गाचा विभाग. तिकडे माणूस एकदा आत गेला की बरा होऊनच बाहेर येतो, नाहीतर येत नाही. नातेवाइकांना आत सोडत नाहीत. त्यांच्यासाठी अलीकडच्या तळमजल्यावर बोलायच्या खोल्या केल्यात. खोल्या म्हणायचं इतकंच, खरं तर कपाटंच ती. एक खुर्ची, भिंतीत बसवलेला पडदा, लोंबणारा रिसीव्हर आणि रडून रडून लोकांनी नखांनी कुरतडलेली एक लाकडी फळी. पलीकडे तसाच पडदा रुग्णाच्या खाटेशी.

या सगळ्या लाइनी माझ्या ताब्यात. म्हणजे त्या चालू ठेवणं आणि त्यांच्यावरून जाणारं बोलणं जपणं, हे माझं काम. पूर्वी तसं काही नव्हतं. मग कुणीतरी मध्येच तार जोडून एका मुलीचं तिच्या आईशी झालेलं बोलणं ऐकलं, तिचा आजार गावभर झाला आणि ठरलेलं लग्न मोडलं. तेव्हापासून प्रत्येक लाइनीच्या दोन्ही टोकांना एकेक पेटी बसवली. आम्ही तिला कुलूप म्हणतो. बोलणं इथून निघतानाच त्याचा भुसा करायचा, रस्ताभर भुसाच जाऊ द्यायचा आणि पलीकडे पोचल्यावर त्या भुशाचा पुन्हा दाणा करायचा. वाटेत कुणी हात घातला तर त्याच्या मुठीत नुसता भुसा.

आणि कुलपं नीट लागली की नाही हे बघायची एक सोपी खूण. फोन जोडला की कुलपाच्या किल्लीवरून दोन्ही पडद्यांवर तीन शब्द उमटतात, दर वेळी नवे. एकाने ते मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने ताडून बघायचे. जुळले तर मध्ये कोणी नाही. मध्ये कोणी बसलाच तर त्याला इकडे एक आणि तिकडे दुसरी अशा दोन किल्ल्या सांभाळाव्या लागतात, आणि मग दोन्हीकडचे शब्द वेगळे येतात.

नव्या लोकांना हे समजावताना मी नेहमी एक पुस्ती जोडायची. "शब्द जुळले एवढ्यावर जाऊ नका. वाचणारा आवाज तुमच्या माणसाचा आहे ना, ते बघा. शब्द कुणीही वाचेल. आवाज कुठून आणेल?"

बाबांना पलीकडे दाखल केलं तेव्हा पहिल्याच दिवशी हे त्यांनाही सांगितलं. बाबांनी आयुष्यभर बस चालवली. छातीत धूर भरून घेतला आणि तोंडात विनोद. पडद्यावर त्यांचा चेहरा आला, गाल बसलेले, दाढी वाढलेली, आणि त्यांनी आपल्या पडद्यावरचे शब्द वाचले.

"खुर्ची, पाऊस, कात्री. म्हणजे खुर्चीत बसून पाऊस कापायचा का गं, कंडक्टर?"

लहानपणी मी त्यांच्या बसमध्ये पुढे उभी राहून घंटा वाजवायची. तेव्हापासून त्यांनी मला नावाने हाक म्हणून मारली नाही.

"जुळले, बाबा," मी म्हणाले.

"मग मार डबल बेल," ते म्हणाले, आणि हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली. ती किती वेळ थांबेचना. मी रिसीव्हर कानाशी धरून तो खोकला ऐकत बसले. जपून ठेवण्यासारखं त्यात काय होतं, पण तोही भुसा होऊन रस्ता ओलांडत होता आणि माझ्यापर्यंत शाबूत पोचत होता.

२

बाबा आत गेल्यावर थोड्याच दिवसांनी दादा गेला.

माझा मोठा भाऊ उंच इमारती रंगवायचा. दोरांवर टांगलेल्या झुल्यात उभं राहून, वाऱ्यात, शिट्टी वाजवत. त्याची नखं कधी स्वच्छ दिसली नाहीत, पांढरा रंग कडेकडेने बसलेलाच. झुला एका बाजूने सुटला. बाकीचं मी सांगत नाही.

त्याला पोचवून आले आणि तशीच डॉक्टरांपुढे जाऊन उभी राहिले. त्यांनी बराच वेळ पेनाचं टोपण काढघाल केली.

"वडिलांना इतक्यात सांगू नका," ते म्हणाले. "फुप्फुसं काठावर आहेत. असा धक्का बसला, ऊर भरून आला, तर श्वासच पुरायचा नाही. थोडं सावरू द्या. मग आपण सांगू."

त्यामुळे मी सांगितलं नाही. रोज दुपारी, भेटीच्या वेळी, मी त्या कपाटात बसायची, शब्द जुळवायची आणि बाबा पहिलाच प्रश्न विचारायचे, "दादा कुठाय? तोंड का दाखवत नाही?"

"बाहेरगावी काम लागलंय, बाबा. मोठं काम आहे."

"इतकं मोठं की बापाला फोन नाही?"

"वरती रेंज नसते हो."

"वरती," बाबा म्हणायचे. "कायम वरतीच असतो तो."

मी हसायची. ते हसायचे. मग खोकला.

घरी आत्या येऊन राहिली होती, बाबांची धाकटी बहीण. ती माझ्या ताटाकडे बघायची आणि मग माझ्याकडे.

"एकदा रडून घे गं बाई," ती म्हणायची. "आतल्या आत साठवू नये. नासतं ते."

मला रडू येत नव्हतं. ओढून ताणून थोडंच येतं? रोज दुपारी बाबांपुढे सुका चेहरा न्यायचा होता. तो जपता जपता तो तसाच राहून गेला असावा.

३

मग बाबा दादाबद्दल विचारेनासे झाले.

पहिल्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं. विसरले असतील, औषधांची गुंगी असेल. दुसऱ्या दिवशी मी वाट बघितली. ते बससमोर आडवी आलेली म्हैस सांगत होते, एका प्रवाशाचे दात खिडकीतून पडले ते सांगत होते, पण दादाचं नाव नाही. पुढेही नाही. मीच एकदा खडा टाकून बघितला. "दादाचा निरोप आलाय, बाबा. बरा आहे म्हणे."

"असणारच," बाबा म्हणाले आणि दुसरीच गोष्ट काढली.

त्याच सुमारास माझ्या लक्षात आलं की ते खोकत नाहीत. पोट धरून हसतात, लांबलचक बोलतात, श्वास कुठे अडत नाही. चेहराही तुकतुकीत. दाढी घोटून केलेली. मला इतका आनंद झाला की मी डॉक्टरांना गाठून म्हणाले, "सुधारणा आहे ना?"

डॉक्टरांनी माझ्याकडे जरा विचित्र बघितलं. "कोण म्हणालं? ऑक्सिजन वाढवावा लागलाय."

मी मनाशी म्हटलं, डॉक्टर हातचं राखून बोलतात. ते रुग्ण बघतात, मी माणूस बघते. बाबा माझ्यासमोर उमेद धरत असतील, खोकला दाबून ठेवत असतील. बाप करतोच असं. प्रत्येक गोष्टीला मी कारण शोधत गेले आणि प्रत्येकीला सापडत गेलं.

पलीकडच्या सिस्टरशी माझं बोलणं व्हायचं ते कामापुरतं, साध्या अंतर्गत फोनवर, ज्याला कुलूपबिलूप नव्हतं. "पाच नंबर खाटेचा पडदा लुकलुकतोय," "तिथली वायर बदलून द्या," असं. त्या दिवशी काम झाल्यावर मी म्हणाले, "सिस्टर, आभार हं. बाबांची दाढी रोज इतकी छान करता."

"कुणाची?"

"बाबांची."

"अहो ताई, मास्कच्या पट्ट्यांखाली वस्तरा कुठे घालू? गळ्यापर्यंत आलीय दाढी. तुम्ही बघता की रोज."

सिस्टरना वाटलं मला वाईट वाटलं. त्यांचा आवाज मऊ झाला.

"काल दोघं फार रडलात," त्या म्हणाल्या. "मी मुद्दाम पलीकडे निघून गेले. रडू द्यावं माणसाला. तुमच्या भावाचं तुम्ही त्यांना स्वतःच सांगितलंत, बरं केलंत. दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर खचले असते. आता कसं, रोज तुमच्याशी बोलून मोकळे होतात."

काल बाबांनी मला दातांची गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली होती. मी हसले होते.

"सिस्टर," मी म्हणाले, "काल मी रडले नाही."

"असू दे हो," त्या म्हणाल्या. "त्यात लाजायचं काय?"

४

घाबरायच्या आधी मला राग आला. कुणीतरी माझ्या लाइनीत बसलंय. माझ्या लाइनीत!

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळी मी आत्याला कपाटाबाहेर अंतर्गत फोनपाशी उभं केलं. सिस्टरना सांगून ठेवलं होतं, बाबांच्या खाटेपाशी उभ्या राहा आणि त्यांच्या पडद्यावर जे तीन शब्द येतील ते आत्याला फोनवर सांगा. आत्याला म्हटलं, ऐकशील ते या कागदावर लिही आणि दार उघडून मला दाखव. कशाला ते विचारू नको.

फोन जोडला. माझ्यापुढे उमटलं: दोरी, चमचा, सावली.

बाबांचा घोटलेला चेहरा समोर आला. "दोरी, चमचा, सावली," त्यांनी खणखणीत वाचलं. "काय गं, जुळतंय का?"

दार उघडलं. आत्याने कागद पुढे केला. तिच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: दार, मीठ, अंगठा.

"सिस्टर म्हणाल्या, तू पण हेच वाचलंस," आत्या कुजबुजली. "जुळले म्हणून दादा मान हलवतोय म्हणे." आत्या बाबांना दादा म्हणायची. तरी क्षणभर मला माझा दादाच वाटला.

मी अजून काहीच वाचलं नव्हतं.

"कंडक्टर?" बाबा पडद्यावरून म्हणाले. "गाडी का थांबली?"

त्यानंतरचे दिवस मी आणि आमचा मिस्त्री त्या लाइनीच्या मागे हात धुऊन लागलो. मिस्त्री म्हणजे तारांचं काम करणारा आमचा जुना माणूस, कमी बोलणारा, तोंडात कायम बडीशेप. आम्ही रस्त्याखालच्या भुयारी नळीपर्यंत तार चाचपली. कुठे जोड नाही, कुठे ओरखडा नाही. दोन्ही कुलपं काढून नवीन बसवली. बाकीच्या खाटांच्या लाइनी तपासल्या. सगळीकडे शब्द जुळले, अगदी खरेखुरे, सिस्टरनी सांगितलेलेसुद्धा. फक्त बाबांच्या लाइनीवर दोन टोकांना दोन वेगळी त्रिकुटं, आणि तरीही दोन्ही टोकांना एकमेकांचे आवाज सांगत होते की जुळलं.

आवाज कुठून आणेल, असं मीच शिकवत आले होते.

मी आमच्या विभागाच्या साहेबांकडे गेले. त्यांनी चाचणीचे निकाल बघितले, चष्मा काढला, डोळे चोळले.

"सगळं ठीक दाखवतंय," ते म्हणाले. "तुम्ही थोडी रजा घ्या. घरात इतकं मोठं दुःख झालंय. मन खेळ करतं."

"आणि सिस्टर? त्यांच्याही मनाने खेळ केला?"

"त्या दिवसभर मरणं बघतात हो," साहेब म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. मी जाताना ते उठून दारापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "एकदा आत जाऊन वडिलांना भेटून या. मी डॉक्टरांशी बोलतो. एकदाच मिळेल, पण मिळेल."

५

आत जाताना अंगावर इतकं चढवतात की आपण आपल्यालाच ओळखू येत नाही. पांढरा झगा, दोन मास्क, डोळ्यांवर काच, डोक्यावर टोपी, हातमोजे. चालताना कपड्यांचा नुसता सळसळ आवाज. बाकी ऐकू येतो तो यंत्रांचा श्वास.

जाण्याआधी मी मिस्त्रीला कपाटात बसवलं होतं. "भेटीची वेळ झाली की फोन जोडा," मी सांगितलं. "काही बोलू नका. फक्त बसा."

"आणि त्यांनी काही विचारलं तर?"

"तर म्हणा, लाइन तपासतोय."

सिस्टर मला शेवटच्या खाटेपाशी घेऊन गेल्या. तिथे एक म्हातारा होता. गळ्याची हाडं वर आलेली, पांढरी दाढी मास्कच्या पट्ट्यांत अडकलेली, हात काडीसारखे. तो माझा बाप होता हे पटायला मला वेळ लागला, कारण आदल्या दुपारीच मी बाबांना धडधाकट बघितलं होतं.

ते पडद्याकडे तोंड करून कुशीवर झोपले होते. पडदा उजळला. त्यांनी शब्द वाचले, एकेका शब्दाला दम घेत. पडद्यावरून उत्तर आलं, "जुळले, बाबा."

माझा आवाज.

मी त्यांच्या पाठीमागे होते, जरा बाजूला. तिथून मला पडदा दिसत होता. कपाट तेच. कुरतडलेली फळी तीच. खुर्चीत मी बसले होते. तोच पोलक्याचा निळा रंग जो या क्षणी माझ्या अंगावर झग्याखाली होता. केस तसेच, घाईने बांधलेले. फक्त चेहरा माझा होता आणि नव्हता. तो ओला होता. डोळे सुजलेले, नाकाचा शेंडा लाल, ओठ थरथरत. रडल्यावर मी कशी दिसते ते मी कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं.

"आज त्याच्या खोलीत गेले होते, बाबा," ती म्हणाली. "उशीला अजून त्याचा वास आहे."

"धुऊ नको," बाबा म्हणाले. मध्ये खोकला आला, लांब, ओला. ती थांबली. तिने घाई केली नाही. खोकला संपेपर्यंत तिने पडद्याला हात लावून ठेवला होता. "धुऊ नको ती, पोरी. मी येईन तेव्हा... मला पण..."

"नाही धुत, बाबा."

दोघं रडू लागली. मी उभी होते. माझ्या काचेवर आतून वाफ धरली होती, पण ती नुसती श्वासाची.

मी पुढे झाले. "बाबा," मी म्हणाले. दोन मास्कांमधून तो आवाज कुणाचाच वाटला नसता. "बाबा, मी आहे. मी आलेय."

त्यांनी मान वळवली. माझ्याकडे, म्हणजे त्या झग्याकडे आणि काचेकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, अदब होती.

"सिस्टर," ते म्हणाले, "जरा बाजूला होता का? मुलगी दिसत नाही मला."

"बाबा, मीच तुमची मुलगी. मी कंडक्टर."

बाबा गोंधळले. त्यांनी पडद्याकडे बघितलं, जसं लहान मूल मोठ्या माणसाकडे बघतं. "या काय म्हणतायत गं?"

तेव्हा पडद्यातल्या त्या बाईने डोळे वर केले. बाबांच्या खांद्यावरून, सरळ माझ्याकडे. मी शपथेवर सांगेन, त्या नजरेत वाईट काही नव्हतं. तसं काही असतं तर मी तिथल्या तिथे ती वायर उपटली असती.

"राहू द्या त्यांना, बाबा," ती म्हणाली. "त्यांचंही कोणी गेलं असेल."

आणि मग पडद्याच्या कडेने एक हात आत आला. मनगटापर्यंतच दिसला. तो तिच्या खांद्यावर टेकला आणि तिथेच राहिला. नखांच्या कडांना पांढरा रंग होता.

बाबांनी तो हात बघितला. त्यांचा चेहरा उजळला, दाढीसकट, मास्कसकट.

"आज दोघं आलात," ते म्हणाले.

सिस्टरनी माझं कोपर धरलं. मी बाहेर कशी आले ते मला आठवत नाही.

६

मिस्त्री कपाटाबाहेर बाकावर बसला होता. मला बघून उठला.

"तुम्ही म्हणालात तसं केलं," तो म्हणाला. "मी काही बोललो नाही. तेच बोलले. फार मजेत होते. बसमधल्या गोष्टी सांगत होते. मला कंडक्टर म्हणाले." त्याने खिशातून बडीशेप काढली आणि न खाता परत ठेवली. "मॅडम, त्यांना मी दिसत होतो ना? पडद्यावर? मग त्यांनी मला तुम्ही कसं समजावं?"

"काय वाटलं तुम्हाला?" मी विचारलं. "बोलणारा माणूस कसा वाटला?"

त्याने विचार केला. "चांगला," तो म्हणाला. "मला माझे वडील आठवले. पण एक सांगू? ते हसायचे थांबले की त्यांचा चेहरा तसाच थांबायचा. पुन्हा मी काही हालचाल करेपर्यंत."

मग त्याने तेच विचारलं जे मला कुणीतरी विचारायला हवं होतं. "तार तोडू का? बाबांना तिकडे साधा फोन लावून देऊ. कुलूप नको, काही नको. काय बोलायचं ते उघड्यावर बोला."

मी घरी जाऊन आत्याला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"तोडशील आणि साध्या फोनवर त्याला काय सांगशील?" तिने विचारलं.

"खरं."

"ते त्याला माहीत आहे."

"मग हे सांगेन की रोज त्यांच्याशी रडते ती मी नव्हे."

आत्याने माझ्याकडे बघितलं. "म्हणजे एक पोरगा गेल्याचं तुझ्या जिवावर आलं होतं सांगायला. आता पोरगी पण गेली म्हणून सांगणार?"

आत्याने मान खाली घातली आणि परत देठ खुडायला लागली. मग म्हणाली, "कोण आहे ते मला नको कळायला. मला भीती वाटते. पण तो एकटा नाही ना रडत, एवढं बास."

दुसऱ्या दिवशी मी एक गोष्ट करून बघितली. भेटीची वेळ झाली तरी कपाटात गेले नाही, कुणाला बसवलं नाही. सिस्टरना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, पडदा काळा आहे, बाबा त्याच्याकडे बघत पडून आहेत, दोनदा विचारलं की आज पोरं का आली नाहीत.

मी पळत जाऊन फोन जोडला.

म्हणजे व्यवस्था अशी होती. बाबांना त्यांची रडणारी मुलगी मिळायची असेल तर या टोकाला कुणीतरी बसायला हवं होतं. आणि या टोकाला जो बसेल त्याला तो हसणारा मिळत होता.

मिस्त्रीला मी म्हणाले, "तार राहू दे."

त्याने पक्कड पिशवीत टाकली. "तुमचा तुम्ही विचार केला असेल," तो म्हणाला. त्यानंतर त्याने त्या कपाटाची झाडलोटसुद्धा दुसऱ्याला करायला लावली.

७

मग मी रोज जात राहिले. शब्द वाचायचे, ते जुळले म्हणायचं, गोष्टी ऐकायच्या. सुरुवातीला मी त्या चेहऱ्याकडे बघायची नाही, फळीकडे बघायची. पुढे बघायला लागले. मिस्त्री म्हणाला होता तो थांबलेला चेहराही मला दिसला. तो थांबला की मी लगेच काहीतरी बोलायची, हात हलवायची. तशी सवय होत गेली. त्याला बाबा म्हणायला जीभ अडखळायची, तेही गेलं.

भेट संपली की मी अंतर्गत फोनवर सिस्टरना विचारायची, आज काय बोललो आम्ही? त्या सांगायच्या. त्यांनाही काय ते कळलं होतं, पण त्या त्याबद्दल बोलल्या नाहीत. आज तुम्ही दोघांनी दादाचं लहानपण काढलं. आज तुम्ही त्यांना झोप लागेपर्यंत नुसत्या बसून होतात. आज तुमचे भाऊ पण... असं म्हणून त्या थांबायच्या आणि मीही पुढे विचारायची नाही. माझ्याच बापाशी माझं काय बोलणं झालं ते मला तिसऱ्याच्या तोंडून कळायचं. माझी इतकी वर्षं असल्या तिसऱ्याला दूर ठेवण्यात गेली होती.

रात्री घरी मी दादाच्या खोलीत जाऊन बसायची. उशी हुंगायची. वास होता. डोळे कोरडेच.

एका दुपारी मी नेहमीसारखी कपाटात बसले होते. बाहेर कुणीतरी औषधांची गाडी ढकलत नेत होतं, तिचं एक चाक कुरकुरत होतं. पडद्यावर बाबा रंगात आले होते. बसमध्ये एका बाईने बकरी आणली होती, तिचं तिकीट काढायला लावलं, आणि तपासनीस चढेपर्यंत बकरीने ते तिकीटच खाल्लं.

"तपासनीस म्हणतो, तिकीट दाखव. बाई म्हणते, बकरीला विचारा..."

दारावर टकटक झाली. मी वळून बघितलं. दारात सिस्टर होत्या.

त्या कधीच रस्ता ओलांडून इकडे आल्या नव्हत्या. मास्कशिवाय त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच बघत होते. वयाने बऱ्याच मोठ्या होत्या, मला वाटलं होतं त्याहून. गालांवर पट्ट्यांचे वळ. त्यांनी दोन्ही हात पोटाशी धरले होते, आणि बोलायच्या आधीच मला कळलं.

"आत्ताच," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "त्रास झाला नाही. तुमच्याशी बोलता बोलताच... शेवटपर्यंत तुमच्याकडेच बघत होते. तुम्ही तिकडे अजून त्यांना हाका मारताय, ताई. मला तो पडदा बंद करवेना. म्हणून मी इकडे आले."

माझ्या गालावरून काहीतरी ओघळलं. मी ते पुसलं नाही.

"...आणि तपासनीस उतरून बकरीपुढे उभा!" रिसीव्हरमधून बाबा हसत होते. मग हसणं थांबलं. चेहरा थांबला नाही. त्यांनी मान जरा पुढे केली, जणू माझ्या खांद्यावरून दाराकडे बघतायत.

"कोण आलंय गं?" त्यांनी विचारलं. "का रडतेस? काही झालंय का?"

सिस्टर भिंतीला टेकल्या. मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला आणि खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"कोणी नाही, बाबा," मी म्हणाले. "काही झालेलं नाही. तुम्ही बोला."